केस नाहीत, पण थाट बघा!

स्वेटर घालून लिमाच्या फुटपाथवरून ऐटीत चालणारा, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांवरून उतरून थेट सोफ्यावर येऊन बसलेला पेरूचा बिनकेसांचा कुत्रा. त्याच्यासोबत एका छताखाली काढलेल्या चार महिन्यांची ही गोष्ट.

कुत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गुबगुबीत लॅब, मऊ मऊ गोल्डन रिट्रीव्हर, नाहीतर सोसायटीच्या गेटवर ऊन खात पडलेला आपला मोत्या. एक गोष्ट मात्र सगळ्यांत कॉमन. केस! कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायचा तर हाताला केस लागणारच. आता कल्पना करा, हात फिरवलात आणि हाताला लागली नुसती त्वचा. गुळगुळीत, राखाडी, आणि चक्क तव्यावरून काढलेल्या पोळीसारखी गरम. दचकलात ना? लिमात येणारा प्रत्येक पाहुणा असाच दचकतो.

लिमा म्हणजे पेरूची राजधानी. पॅसिफिक महासागराच्या काठावर, उंच कड्यांवर वसलेलं कोटभर लोकवस्तीचं शहर. नकाशावर बघाल तर विषुववृत्ताच्या दक्षिणेला १२ अंशांवर, म्हणजे आपलं बंगळुरू उत्तरेला जेवढं आहे साधारण तेवढंच. त्यामुळे मुंबईहून निघताना मी बॅगेत कॉटनचे कुर्ते भरले होते. ऑफिसचं प्रोजेक्ट जून ते सप्टेंबर. आणि जून म्हणजे तिकडे हिवाळा! समुद्रातल्या थंडगार हम्बोल्ट प्रवाहामुळे या शहरावर चार-पाच महिने राखाडी ढगांचं झाकण बसलेलं असतं. लिमाकर त्या आकाशाला ‘पान्सा दे बुर्रो’ म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. रंग अगदी तस्साच! पाऊस म्हणाल तर नावालाच. छत्री उघडायला लाज वाटावी असे बारीक तुषार, ज्यांना ते ‘गारुआ’ म्हणतात. पारा १५ अंशांच्या आसपास, पण हवेत इतका दमटपणा की थंडी हाडांत शिरते.

अशा थंडीत ज्याच्या अंगावर एकही केस नाही त्याने करायचं काय? उत्तर सोपं. स्वेटर घालायचा!

घरातली खरी मालकीण

मिराफ्लोरेस हा लिमाचा पॉश भाग. कॅफे, मॉल, समुद्राकाठचा जॉगिंग ट्रॅक, वरून पॅराग्लायडिंग करणारी मंडळी. बांद्रा बॅण्डस्टॅण्डची आठवण हमखास यावी असा. तिथल्या एका जुन्या घरात मी पेइंग गेस्ट होते. घरमालकीण सत्तरीतली. तिला मी सगळ्यांसारखंच ‘सेन्योरा’ म्हणायचे आणि ती मला ‘इहिता’, म्हणजे आपल्याकडच्या आजीने ‘बाळा’ म्हणावं तसं. पण घरात राज्य चालायचं ते कानेलाचं. कानेला म्हणजे दालचिनी. वय वर्षं ११, रंग गडद तपकिरी, कान ताठ, पाय हरणासारखे, आणि डोक्यावर तेवढा केसांचा एक विरळ तुरा. थेट पंक रॉकस्टार!

पहिल्या रात्री मी झोपेत कूस बदलली तर पायाशी कुणीतरी गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. वा, काय सेवा आहे, असं म्हणून मी पाय टेकवले, तर पिशवी गुरगुरली. बाईसाहेब माझ्या ब्लँकेटमध्ये कधी शिरल्या होत्या कुणास ठाऊक!

या गरमपणावर पेरूत अख्खं लोकवैद्यक उभं आहे. संधिवात झाला, कुत्रा गुडघ्याशी घेऊन झोपा. दमा आहे, कुत्रा छातीशी धरा. या कुत्र्यांच्या अंगात जास्त उष्णता असते असं तिथे घराघरांत सांगतात. खरं सांगायचं तर त्यांचं तापमान इतर कुत्र्यांइतकंच असतं, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. फरक एवढाच की मध्ये केसांची रजई नाही, त्यामुळे ती ऊब थेट आपल्या हाताला लागते. संधिवात काही बरा होत नाही. पण थंडीत दुखऱ्या गुडघ्याला शेक मिळाला की बरं वाटतंच. सेन्योराला हे सगळं सायन्स मी उत्साहाने समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कानेलाला उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवलं.

नावात बरंच काही आहे

या कुत्र्याचं अधिकृत नाव ‘पेर्रो सिन पेलो देल पेरू’, शब्दशः पेरूचा बिनकेसांचा कुत्रा. उत्तरेकडे त्याला ‘वीरिंगो’ म्हणतात. बोलीभाषेत ‘कलातो’, म्हणजे सरळ सरळ नागडा. अमेरिकेत त्याचं ‘इंका ऑर्किड’ असं झकास मार्केटिंगवालं नाव पडलंय. पण गंमत अशी की इंका साम्राज्य पंधराव्या शतकातलं आणि हा कुत्रा त्याच्या कितीतरी आधीचा.

आणखी एक नाव आहे, ‘पेर्रो चिनो’, म्हणजे चिनी कुत्रा. १८४९ पासून चिनी मजूर मोठ्या संख्येने पेरूत आले. आजही लिमात गल्लोगल्ली ‘चीफा’ नावाची चिनी-पेरूवियन हॉटेलं आहेत आणि तिथला फ्राइड राइस आपल्या गाडीवरच्या चायनीजइतकाच लाडका. तर हा विचित्र कुत्राही त्यांच्याबरोबरच आला असणार, असा लोकांचा समज. हा समज खोटा ठरवला तो मातीच्या भांड्यांनी.

लिमातलं लार्को म्युझियम बघाच. राफाएल लार्को होयले यांनी १९२६ मध्ये सुरू केलेलं. अठराव्या शतकातला वाडा, भिंतीवरून ओसंडणारी बोगनवेल, आणि आत हजारो भांडी. इथली बेस्ट गोष्ट म्हणजे गोदामही पाहुण्यांना खुलं आहे. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं आणि त्यात माणसं, घुबडं, बटाटे, सील, मक्याची कणसं अशा आकारांची भांडी. पेरूच्या किनाऱ्यावर इसवीसनाच्या पहिल्या सहस्रकात मोचे नावाची संस्कृती नांदली, पुढे चिमू आणि चांकाय आल्या. या सगळ्यांनी कुत्रे घडवले, आणि त्यातले काही सुरकुतलेल्या उघड्या कातडीचे. म्हणजे स्पॅनिश लोक १५३२ मध्ये पेरूत घुसले, चिनी मजूर त्यानंतर तीनशे वर्षांनी आले, आणि आपले हे साहेब तोवर कधीचे इथे पाय पसरून बसले होते!

सात अक्षरांची करामत

मग केस गेले कुठे? २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं उत्तर छापून आलं. फॉक्सआय-थ्री नावाच्या एका जनुकात डीएनएची सात अक्षरं चुकून दोनदा टाइप झालीत. बस्स, एवढंच. कॉपी-पेस्टची चूक म्हणा ना! मेक्सिकोचा शोलो आणि चायनीज क्रेस्टेड या दुसऱ्या बिनकेसांच्या जातींतही नेमकी हीच चूक सापडली.

हेच जनुक दातांच्या घडणीतही लागतं. म्हणून केस गेले की काही दातही जातात. कानेलाच्या दाढा अर्ध्याही नव्हत्या. जीभ एका बाजूने बाहेर लोंबायची आणि त्यामुळे ती सतत कुणालातरी वेडावून दाखवतेय असं वाटायचं.

आता जरा सीरियस भाग. या बदललेल्या जनुकाची एकच प्रत पिल्लाला मिळाली तर पिल्लू बिनकेसांचं होतं. दोन्ही पालकांकडून दोन प्रती मिळाल्या तर ते पिल्लू पोटातच दगावतं. म्हणून जिवंत असलेल्या प्रत्येक बिनकेसांच्या कुत्र्यात केसांचं एक जनुक लपलेलं असतंच. दोन बिनकेसांच्या कुत्र्यांचं जुळवलंत तर जन्मलेल्या तीन पिल्लांमागे सरासरी एक चक्क केसाळ निघतं. साध्या कुत्र्यासारखं.

आणि या केसाळ पिल्लांचं काय होतं? सेन्योराच्या घरी त्याचं उत्तर अंगणात पडलेलं असायचं. कानेलाचा सख्खा भाऊ, पेलुदो, म्हणजे केसाळू. ब्रीडरला तो नको होता. ‘खोटा’ वीरिंगो कोण विकत घेणार? फोटोत दिसायला हटके नाही, शोमध्ये मान नाही. अशी पिल्लं वर्षानुवर्षं कुणालातरी देऊन टाकली जायची, किंवा त्याहून वाईट. सेन्योरा एक पिल्लू आणायला गेली आणि दोन घेऊन आली.

खरं तर या जातीला पेलुदोसारख्यांची गरज आहे. बिनकेसांचा आणि केसाळ असं जुळवलं की साधारण निम्मी पिल्लं बिनकेसांची, निम्मी केसाळ, आणि पोटात दगावणारं एकही नाही. शिवाय वंशात नवं रक्त येतं. म्हणजे ज्याला ‘खोटा’ म्हणून बाजूला काढलं, त्याच्याशिवाय ‘खऱ्या’चं धड चालत नाही. आपल्या लग्नाच्या बाजारात हे कुणीतरी सांगायला हवं!

घरातलं रूटीन

‘केस नाहीत म्हणजे मेंटेनन्स झीरो’ असं वाटत असेल तर थांबा. सोफ्यावर केस पडत नाहीत आणि पिसवांना लपायला जागा मिळत नाही, हे खरं. पण केस नाहीत म्हणजे संरक्षणही नाही. कानेलाचं वेळापत्रक माझ्यापेक्षा टाइट होतं.

आंघोळ. दर आठवड्याला, सौम्य शाम्पूने. नंतर टॉवेलने टिपून पातळसं मॉइश्चरायझर. फार चोपडलं की रंध्रं बुजतात आणि टीनएजर पोरांसारखे काळे ठिपके आणि पुटकुळ्या येतात. त्या फोडायच्या नाहीत.

ऊन. गडद कातडी उन्हात आणखी रापते, पण गुलाबी डाग असतील तर तिथे चटका बसतो. व्हेटने सांगितलेलं, कुत्र्यांसाठीचंच सनस्क्रीन लावायचं. आपलं झिंक ऑक्साइडवालं क्रीम बिलकूल नको. कुत्रा ते चाटतो आणि झिंक पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते.

कपडे. पेरू म्हणजे अल्पाकाच्या लोकरीचा देश, पण ती लोकर उघड्या कातडीला टोचते. म्हणून आतून सुती अस्तर. कानेलाचे पाच स्वेटर होते आणि पावसाळी जाकीट वेगळं.

दात. जे उरलेत ते सांभाळायचे. रोज ब्रश, आणि खाणं चावायला सोपं.

डास आणि गोचिडी. पिसवा टिकल्या नाहीत तरी डास आणि गोचिडी चावतातच. औषधं इतर कुत्र्यांइतकीच नियमित.

ॲलर्जीवाल्यांसाठी एक सूचना. केस नाहीत म्हणून ॲलर्जी नाही असं गणित नसतं. त्रास देणारे घटक कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असतात. काहींना त्रास कमी होतो, काहींना होतोच. आठवतंय, २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले तेव्हा लेकीच्या ॲलर्जीमुळे कमी त्रासाचा कुत्रा शोधत होते? तेव्हा पेरूतल्या वीरिंगोप्रेमींच्या संघटनेने त्यांना एक पिल्लू देऊ केलं होतं. त्याचं लाडाचं नाव होतं माचू पिचू! शेवटी व्हाइट हाउसमध्ये गेला तो पोर्तुगीज वॉटर डॉग जातीचा बो. पण वीरिंगोला फुकटात जगभर पब्लिसिटी मिळाली.

अवशेषांचे रखवालदार

मिराफ्लोरेसच्या मधोमध, इमारतींच्या गर्दीत, एक मातीचा डोंगर आहे. वाका पुक्याना. जवळ गेलं की कळतं, हा डोंगर नाही, पिरॅमिड आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिमा संस्कृतीच्या लोकांनी मातीच्या विटांनी बांधलेला. विटा आडव्या नाहीत, तर शेल्फमधल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या, मध्ये फट ठेवून. भूकंप आला की त्या थोड्या हलतात, पण ढासळत नाहीत. शहर कित्येक वर्षं याला मातीचा ढिगारा समजत होतं. पद्धतशीर उत्खनन सुरू झालं ते १९८१ मध्ये.

गाइडबरोबर चक्कर मारताना तिथे वीरिंगो भेटतात. ते भटके नाहीत, तिथलेच रहिवासी आहेत. पुरातत्त्व खात्याने किनाऱ्यावरच्या अशा स्थळांनी वीरिंगो पाळावेत असं ठरवलं, आणि २००१ मध्ये तर पेरूने कायदाच करून या कुत्र्याला देशाची मूळ जात म्हणून मान्यता दिली. एका कुत्र्यासाठी कायदा! त्याआधी १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने त्याची जात म्हणून नोंद केली होती. तोवर शहरी लोकांच्या नजरेत हा म्हणजे खरूज झालेला गावठी कुत्रा. तो टिकला तो उत्तर किनाऱ्यावरच्या खेड्यांत, संधिवाताच्या आज्यांच्या पायाशी.

२८ आणि २९ जुलैला पेरूच्या स्वातंत्र्याची सुट्टी असते. तो लाँग वीकएण्ड साधून मी रात्रीच्या बसने उत्तरेला त्रुहियोला गेले. साडेपाचशे किलोमीटर, एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे चिमू लोकांची मातीची राजधानी आहे, युनेस्कोच्या वारसा यादीत १९८६ पासून असलेली. नाव ‘चान चान’. मराठी माणूस पाटी वाचून हसतोच! पण आत गेल्यावर हसू थांबतं. माशांची, पक्ष्यांची, जाळ्यांची नक्षी असलेल्या मातीच्या भिंती, मैलोन् मैल. जवळच मोचे लोकांचं मंदिर, वाका दे ला लूना, त्याच्या रंगीत भिंतींवर एक दात विचकणारा देव. आणि बाहेर उन्हात चार वीरिंगो पसरलेले. उत्तरेला लिमासारखं ढगांचं झाकण नाही, त्यामुळे स्वेटर नव्हते. कुणी फोटो काढतंय, कुणी सेल्फी घेतंय, यांना काही पडलेली नाही.

न्यायचा का एक?

ऑगस्ट संपत आला तसा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मुंबईची हवा तर याला मस्त सूट होईल. स्वेटरची भानगड नाही. केस गळत नाहीत म्हणजे आईची तक्रार नाही. फ्लॅट लहान, पण याचा छोटा आकारही मिळतो, २५ ते ४० सेंटिमीटर उंचीचा. परवाने, लसी, तपासण्या हे सगळं कटकटीचं, पण पैसे टाकले की होतं. नेटवर ब्रीडर शोधून मी सेन्योराला विचारलं, कुणाकडून घेऊ?

तिने ब्रीडरचं नाव सांगितलं नाही. म्हणाली, ‘इहिता, सकाळी तू किती वाजता जातेस?’

‘आठला.’

‘येतेस कधी?’

‘आठला. कधी नऊ.’

पुढे ती काही बोलली नाही. कानेला दिवसभर तिच्या मागे मागे असायची. किचनमध्ये, अंगणात, अगदी बाथरूमच्या दाराशी. अनोळखी माणूस आला की सेन्योराच्या पायांमागे. ही जात घरच्यांना अशी चिकटून राहते आणि परक्यांवर पटकन भरवसा टाकत नाही. ऊब देणारा प्राणी म्हणून त्याची कीर्ती, पण थंडीत ऊब मिळवायला त्यालाच कुणीतरी लागतं. सेन्योरा गेली सात वर्षं बहिणीकडे मुक्कामाला गेली नव्हती. तिने ही तक्रार म्हणून कधीच सांगितली नाही, शेजारणीकडून कळली.

बारा तास बंद फ्लॅटमध्ये, एसीचं सेटिंग ठरवायला कुणी नाही, उशीर झाला तर पांघरूण घालायला कुणी नाही. रविवारी फोटो मात्र भारी आले असते. मी ब्रीडरला मेल केला नाही.

निघायच्या दिवशी सेन्योराने विमानतळावर जायच्या टॅक्सीत माझी बॅग ठेवली. कानेला दारातून आत निघून गेली, तिला निरोप वगैरे मानवत नाहीत. पेलुदो तेवढा गेटपर्यंत आला. माझ्या काळ्या पँटवर त्याचे पांढरे केस मुंबईपर्यंत आले.

तुम्ही लिमाला जाणार असाल, माचू पिचूला जाणारे बहुतेक जण इथूनच जातात, तर एक दिवस हातात ठेवा. मुंबईहून थेट विमान नाही आणि घड्याळ साडेदहा तास मागे जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी तसंही दुसरं काही सुधरत नाही. सकाळी लार्को म्युझियम, दुपारी सेविचे नाहीतर चीफा, संध्याकाळी वाका पुक्याना. तिथे एखादा वीरिंगो जवळ आला तर आधी हात हुंगू द्या. मग पाठीवर ठेवा. गरम लागेल, दचकू नका. आणि तुमचे हात गार असतील तर आधी चोळून घ्या. मधे केस नाहीत, त्याला लगेच कळतं.